दुष्काळात देव कुठे होता? मराठी ख्रिस्ती श्रद्धेचा एक आढावा

जालन्याहून मंठ्यामार्गे जिंतूरकडे जाताना चारठाणा लागते. परभणी जिल्ह्यातले हे गाव जुन्या हेमाडपंती मंदिरांसाठी, बारवेसाठी आणि उंच दगडी स्तंभासाठी ओळखले जाते. पाणी आणि देऊळ यांची अशी जोडी मराठवाड्यात जागोजागी दिसते. पाऊस दगा देणाऱ्या मुलखात माणूस देवाकडे काय मागतो, आणि मागितलेले मिळाले नाही तर त्याच्या भक्तीचे पुढे काय होते, हा प्रश्न इथल्या सगळ्याच धर्मांच्या माणसांपुढे उभा राहिला आहे. याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, जालन्याजवळ, एकोणिसाव्या शतकात वसलेल्या एका ख्रिस्ती वस्तीलाही तो चुकला नाही. त्या वस्तीचे नाव बेथेल.

बेथेल वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री ब्राह्मण घराण्यातले. १८४३ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलाला वडिलांच्या ताब्यात परत देण्यात आले. मिशनरी घरात राहिलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावरून मुंबई-पुण्यात मोठे वादळ उठले आणि बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. एका घरातले दोन भाऊ असे दोन वाटांना लागले. पुढे स्कॉटिश मिशनच्या कामासाठी नारायणराव निजामाच्या राज्यातल्या जालन्यात आले, तिथे मुख्यत्वे मांग समाजात मिसळले आणि हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी नवख्रिस्ती कुटुंबांसाठी गाव उभे केले.

गावाला दिलेले नाव बायबलमधल्या एका पळून निघालेल्या माणसाच्या गोष्टीतून आले आहे. भावाच्या रागाला घाबरून याकोब घर सोडतो, वाटेत अंधार पडतो, उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपतो. स्वप्नात त्याला स्वर्गाला टेकलेली शिडी दिसते आणि जागा झाल्यावर त्याच्या लक्षात येते की देव याच जागी होता, आपल्यालाच त्याचा पत्ता नव्हता. जात दुरावलेल्या, गाव तुटलेल्या, पाणवठ्यावर पूर्वीही जागा नसलेल्या कुटुंबांना ही गोष्ट परकी वाटली नसणार.

संकटात देव बरोबर असतो, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा मानला जातो. पण ‘बरोबर असणे’ म्हणजे नेमके काय? संकट टळणे? ते सोसण्याचे बळ मिळणे? की कोणीतरी माणूस दारात येऊन उभा राहणे? मराठी ख्रिस्ती समाज तसा लहान. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात १०,८०,०७३ ख्रिस्ती नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. पण या प्रश्नाशी त्याने केलेली झटापट मोठी आहे आणि ती कागदावर उतरलेली आहे. ती वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. जिथे या श्रद्धेने सुटकेची हमी दिली, तिथे ती लवकर मोडली किंवा तिने माणसाला मोडले. जिथे तिने सोबत केली, तिथे ती टिकली.

शास्त्रातली तक्रार

पवित्र शास्त्र उघडले की पहिला धक्का बसतो तो तक्रारींचा. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांतली साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. मेंढपाळाचे तेविसावे स्तोत्र घराघरांत पाठ असते; त्याच्या लगेच आधीचे बाविसावे मात्र देवाने मला का टाकले, या हाकेने सुरू होते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. ही स्तोत्रे गाळावीत असे यहुदी परंपरेला वाटले नाही आणि ख्रिस्ती मंडळीलाही वाटले नाही. देवाशी भांडणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे, असा त्याचा सरळ अर्थ.

ईयोबाच्या पुस्तकात हे आणखी ठळक होते. मुले, गुरेढोरे, आरोग्य, सगळे गेल्यावर त्याचे तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहतात. तोवर सगळे ठीक चाललेले असते. मग ते बोलायला लागतात: तुझ्या हातून काही पाप झाले असेल, देव अन्याय करत नाही, पश्चात्ताप कर. बेचाळीस अध्यायांच्या शेवटी देव ज्यांना खडसावतो ते हे मित्र. देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले आणि देवाला जाब विचारणारा ईयोब बरोबर ठरला. दुःखी घरात समाचाराला जाणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक आधी वाचायला हवे.

हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवट मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला मुद्दाम समजावून सांगावा लागत नाही. अंजिराला बहर नाही, वेलीला फळ नाही, शेत पिकले नाही, गोठा रिकामा आहे, अशी नापिकीची पूर्ण यादी तो देतो आणि तरीही देवात आनंद करीन म्हणतो. पाऊस पडेल, पीक येईल असे तो कुठेही म्हणत नाही.

नव्या करारातही सुटकेचा हिशेब सरळ लागत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात हेरोद राजा याकोब प्रेषिताला तलवारीने मारतो. त्याच अध्यायात पेत्राला देवदूत तुरुंगातून सोडवतो. दोघेही येशूचे जवळचे शिष्य, मंडळी दोघांचीही. एक गेला, एक वाचला, आणि लेखक त्याचे कारण देत नाही. पौलाने आपल्या शरीरातला ‘काटा’ काढून टाकावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि तो निघाला नाही. खुद्द येशूने गेथशेमाने बागेत प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि दुसऱ्या दिवशी तो वधस्तंभावर होता.

मराठी चर्चमध्ये उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन या वेळात येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर उपासना होते. बहुतेक ठिकाणी सात जण एकेका उद्गारावर बोलतात. त्यात पाळक असतात, शिक्षक असतात, कधी महिला मंडळाची एखादी कार्यकर्ती असते. बाहेर चैत्राचे ऊन, आत पंख्यांची घरघर, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, मधूनमधून पेटीवर संथ लयीतले गाणे. चौथा उद्गार येतो तेव्हा मंडळी सावरून बसते. बाविसाव्या स्तोत्राचीच ती हाक, आता येशूच्या तोंडची: देवाने मला का सोडले? ज्या श्रद्धेचा देवच सोडून दिल्याची हाक मारतो, तिला माणसाच्या निराशेची लाज वाटण्याचे कारण उरत नाही. चौथ्या उद्गारावर चांगले बोलणारा वक्ता त्याचे समर्थन करत बसत नाही. तो ती हाक तशीच राहू देतो.

रमाबाईंचा दुष्काळ

मराठी ख्रिस्ती अनुभवात या प्रश्नाची सगळ्यात खोल किंमत मोजली ती पंडिता रमाबाईंनी. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थाटन करत. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा हे कुटुंब रस्त्यावर आले. देवळांत अनुष्ठाने झाली, दानधर्म झाला, होते नव्हते ते संपले. शेवटी अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानटी खजूर यांवर काढल्याचे रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले आहे. वडिलांनी तीर्थात देह सोडण्याचा निश्चय केला. थोरला भाऊ श्रीनिवास मोलमजुरी करीन म्हणाला, तेव्हा तो टळला. पण १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग बहीण. आईच्या तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण पुढे आले, तिसरा भाऊ आणि चौथ्या रमाबाई. उंचीला कमी असल्यामुळे त्यांना तिरडी डोक्यावर धरावी लागली.

पुढची काही वर्षे भावाबहिणीने भारतभर पायी भटकंती केली. कोलकात्यात रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले आणि १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या धर्मभगिनींशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात श्रद्धेचा वेगळाच पैलू दिसतो. पटत नाही ती गोष्ट त्या चर्चच्या अधिकाऱ्यांसमोर स्पष्ट नाकारतात आणि सदसद्विवेकबुद्धी कोणाकडे गहाण ठेवणार नाही असे बजावतात. देवावर भरवसा ठेवणे म्हणजे मान तुकवणे, ही समजूत त्यांनी मान्य केली नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी त्यांचे शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. धर्मांतराच्या आरोपावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. त्यानंतर १८९६–९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींच्या बातम्या ऐकून रमाबाई तिकडे गेल्या. आपल्या लहानपणाचा दुष्काळ आपल्याला पुन्हा आठवला, असे त्यांनीच सांगितले आहे. तिथून त्यांनी शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे कडक नियम लागू होते, म्हणून केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर झोपड्या उभारून त्यांना ठेवले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि केडगावच्या या मुक्ती सदनातली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

एवढ्या तोंडांना अन्न घालायचे कसे? इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला जॉर्ज म्यूलर यांनी अनाथाश्रम चालवताना पैशासाठी कोणापुढे हात न पसरता फक्त प्रार्थना करायची असे ठरवले होते. त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते आणि त्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता. पण केडगावात प्रार्थनेबरोबर विहिरी होत्या, शेती होती, हातमाग होते, छापखाना होता. आंधळ्या स्त्रियांसाठी बार्तमी सदन होते, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन होते, वृद्ध आणि दुबळ्यांसाठी प्रीति सदन होते. देवावरच्या भरवशाची ही व्यवहारी बाजू विसरून रमाबाईंना फक्त भक्तिणीच्या रूपात पाहणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

शेवटची वर्षेही सोपी नव्हती. आईच्या कामाचा भार उचलणारी, गुलबर्ग्याला शाळा उभी करणारी मनोरमा १९२१ मध्ये वारली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबलचे भाषांतर करत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. भाषांतर त्यांच्या मागे १९२४ साली प्रसिद्ध झाले. ज्या बाईची आई-वडील, भावंडे, नवरा आणि मुलगी अशी सगळी माणसे तिच्या डोळ्यांदेखत गेली, तिने विलापगीते आणि ईयोब मराठीत आणताना काय सोसले असेल, याचा अंदाज वाचणाऱ्यानेच करावा.

घरातले संकट

रमाबाईंच्या संकटाला दुष्काळाचे रूप होते. लक्ष्मीबाई टिळकांचे संकट घरात घडले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. नवरा हयात आणि तरी तुटलेला, पदरी लहान मुलगा, नातेवाइकांचे टोमणे, सोवळ्याचे संस्कार. बऱ्याच ताटातुटीनंतर त्या टिळकांकडे परतल्या, आधी जातीचा अडसर मनातून गेला आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. शाळेत न गेलेल्या या बाईंनी लिहिलेली ‘स्मृतिचित्रे’ मराठी आत्मचरित्रांत आजही अग्रभागी आहेत.

देवाच्या सोबतीचा प्रश्न लक्ष्मीबाई तत्त्वज्ञानाच्या पातळीवर कधी मांडत नाहीत. त्या स्वयंपाकघरातून, प्रवासातून, आजारपणातून बोलतात. घरी आलेल्या अनाथ मुलाला ठेवून घेणे, प्लेगच्या दिवसांत नगरच्या मिशनच्या मुलींची शुश्रूषा करणे, पैसे नसताना पाहुणा जेवू घालणे, हीच त्यांची धर्मचर्चा. टिळकांची भजने आणि कृष्णराव सांगळे यांची गीते ‘उपासना संगीत’मधून आजही दर रविवारी पेटी-तबल्यावर गायली जातात, त्या गाण्यांतला भरवसा कुठल्या घरांत तयार झाला, ते ‘स्मृतिचित्रे’ दाखवतात.

इथे एक आक्षेप टाळून चालणार नाही. दुष्काळात पोटासाठी धर्म बदलला, अशी टीका त्या काळी झाली आणि आजही होते. उपाशी माणसापुढे अन्न आणि धर्म एकत्र ठेवले की त्याच्या निवडीला पूर्ण स्वतंत्र म्हणता येत नाही, हे मान्य करायलाच हवे. काही मिशनऱ्यांनाही या गोष्टीची टोचणी होती. पण रमाबाईंनी केडगावला आणलेल्या मुलींच्या बाजूने पाहिले तर दुसरा प्रश्न उभा राहतो. ज्यांना बाकी सगळ्यांनी रस्त्यावर सोडले, त्यांच्यासाठी देव आहे की नाही हे ठरले ते भाकरी कोणी दिली आणि नंतर शिकवले कोणी यावरून. त्यांची श्रद्धा खोटी होती असे दुसऱ्याने ठरवण्यात फारसा न्याय नाही.

देव गप्प असतो तेव्हा

२००७ साली मदर तेरेसांची खासगी पत्रे पुस्तकरूपाने आली आणि जगभर खळबळ उडाली. कोलकात्याच्या रस्त्यांवर मरणाऱ्यांना उचलणाऱ्या या बाईंना अनेक दशके प्रार्थनेत देवाची जाणीवच होत नव्हती. आत काळोख आणि रितेपण होते. काहींनी याला ढोंग म्हटले. वास्तविक ख्रिस्ती परंपरेला हा अनुभव अपरिचित नाही. सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये योहान ऑफ द क्रॉस यांनी आत्म्याच्या काळ्या रात्रीवर लिहिले, आणि त्यांनी स्वतःच्याच संघातल्या लोकांच्या कैदेत अंधाऱ्या कोठडीत महिने काढले होते. देव जाणवणे आणि देवावर भरवसा असणे या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे मदर तेरेसांच्या पत्रांमुळे सामान्य भाविकालाही कळले.

एलियाची गोष्ट या बाबतीत फार उपयोगी पडते. मोठ्या विजयानंतर हा संदेष्टा राणीच्या धमकीने खचतो, रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येतो आणि उपदेश करत नाही. भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. देवाचा आवाज पुष्कळ नंतर येतो. नैराश्याला आधी अन्न, झोप आणि सोबत लागते, हे या जुन्या पुस्तकाने ओळखले होते. ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ असे खचलेल्या माणसाला सांगणाऱ्यांनी हा अध्याय नजरेआड केलेला असतो.

या विषयावर आधुनिक संशोधनही झाले आहे. केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या रुग्णालयांतले, पंचावन्न वर्षांवरचे ५९६ रुग्ण दोन वर्षे पाहिले गेले. देवाने आपल्याला टाकले असे वाटणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी जास्त आढळला. श्रद्धा आधार देते तशी ती घावही घालू शकते. ती कोणत्या रूपात मनात रुजली यावर बरेच अवलंबून असते.

दुसरा अभ्यास २००६ चा, हर्बर्ट बेन्सन यांच्या नेतृत्वाखालचा. बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या १,८०२ रुग्णांपैकी काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली. त्या प्रार्थनेमुळे गुंतागुंत कमी झाल्याचे दिसले नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना नक्की सांगितले होते, त्यांच्यात ती थोडी जास्त आढळली. प्रार्थना हे बरे करण्याचे यंत्र नाही, हे यातून स्पष्ट होते. पण पौल, ईयोब आणि गेथशेमाने वाचलेल्यांना ते प्रयोगशाळेतून ऐकण्याची गरज नव्हती.

हमी देणारे आणि दोष देणारे

गेल्या काही दशकांत चंगाई सभांचे, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभांचे प्रमाण वाढले आहे. मंडपात हजारो माणसे, मोठ्या आवाजातले संगीत, मंचावर येऊन साक्ष देणारे. अशा सभांतून अनेकांना खरोखर बळ मिळते, दारू सुटते, घरातली भांडणे मिटतात. ते नाकारण्याचे कारण नाही. धोका सुरू होतो तो हमी दिली जाते तेव्हा. मधुमेहाच्या गोळ्या सोडा, केमोथेरपी थांबवा, विश्वास ठेवा, असे कोणी सांगितले तर ते प्राणावर बेतते. आणि रोगी बरा झाला नाही की दोष त्याच्या विश्वासाला लावला जातो. म्हणजे आजारावर अपराधीपणाचा बोजा. ईयोबाच्या मित्रांचे हेच चुकले होते.

महाराष्ट्रात मुख्य प्रवाहातल्या चर्चने या बाबतीत मोठा वारसा दिला आहे. १८९४ साली मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी उभारलेले रुग्णालय प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच छताखाली करत आले. प्रार्थना करा आणि डॉक्टरकडेही जा, हा या परंपरेचा साधा नियम. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, कुत्रा किंवा विंचू चावल्यावर रुग्णाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणे गुन्हा ठरवला. कोणत्याही धर्माच्या पुढाऱ्याने आपल्या मंडपात कायद्यातली ही तरतूद मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नसावी.

संकट नेहमी आभाळातून कोसळत नाही, हेही विसरता येत नाही. मराठवाड्यातले बहुसंख्य ख्रिस्ती मांग आणि महार समाजातून आले. १९५० च्या अनुसूचित जातींसंबंधीच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही अट काढण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. शिष्यवृत्ती नाकारलेल्या मुलीला ‘देव बरोबर आहे’ एवढेच सांगणे पुरत नाही. बेथेलच्या पहिल्या पिढीला जमीन मिळाली होती, हे इथे आठवावे. तिथल्या श्रद्धेच्या पायाखाली शेत होते.

सामूहिक संकटे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद पट्ट्यात सुमारे दहा हजार माणसे गेली. गणपती विसर्जन होऊन घरे नुकती झोपली होती. १७५५ मध्ये लिस्बन शहर सर्व संतांच्या दिवशी, चर्चमध्ये माणसे भरलेली असताना भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा युरोपातल्या विचारवंतांनी देवाच्या न्यायावर शंभर प्रश्न उभे केले होते. किल्लारीतही तेच प्रश्न विचारले गेले असणार, फक्त ते ग्रंथांत आले नाहीत. तिथे देशभरातल्या इतर अनेक संस्थांबरोबर ख्रिस्ती मदत संस्थांनीही पुनर्वसनाला हातभार लावला. कोणाच्या देवाने काय केले, याची चर्चा पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्यांना परवडणारी नव्हती.

करोनाच्या साथीत हा प्रश्न प्रत्येक घरात शिरला. २७ मार्च २०२० रोजी पावसात भिजणाऱ्या रिकाम्या सेंट पीटर चौकात पोप फ्रान्सिस यांनी एकट्याने प्रार्थना केली. त्यासाठी त्यांनी निवडला तो मार्काच्या शुभवर्तमानातला वादळाचा प्रसंग, ज्यात होडी बुडू पाहते आणि येशू झोपलेला असतो. त्या वर्षी १२ एप्रिलचे ईस्टर मराठी घरांनी मोबाईलसमोर बसून साजरे केले. कॉटेज मीटिंग, म्हणजे घरोघरी होणारी प्रार्थना, बंद पडली. प्रेताजवळ बसायला माणूस नव्हता, दफनाला मोजकीच माणसे. सोबत हाच ज्या श्रद्धेचा आधार, तिच्यातून सोबतच काढून घेतली गेली. त्या काळात अनेक मंडळ्यांनी शिधा वाटला, फोनवरून प्रार्थना केल्या, आजारी माणसाच्या दारात डबा ठेवला.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला, जानेवारी २०२० मध्ये, उस्मानाबादला झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले. आजारपणामुळे ते चाकाच्या खुर्चीतून आले होते. त्यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये प्रसिद्ध झाले होते आणि त्याच्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी त्यांनी दिलेला लढा आणि त्यांचे लेखन एकाच श्रद्धेतून आले होते. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत मराठी वाचकाने ख्रिस्ती श्रद्धा परकी मानण्याचे काही प्रमाणात सोडले, हे त्यांचे मोठे काम.

आता काय करायचे

दुःखाच्या घरी मंडळी समाचाराला येते तेव्हा ठरलेली वाक्ये ऐकू येतात: प्रभूची इच्छा, प्रभूने नेले, तो वरून पाहतोय. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण तरुण मुलगा गमावलेल्या आईला ‘प्रभूची इच्छा’ हे वाक्य देवाला खुनी ठरवल्यासारखे लागू शकते. त्यापेक्षा चहा करून देणे, मुलांचा डबा भरणे, दवाखान्याचे बिल बघणे, पंधराव्या दिवशीही पुन्हा येणे हे जास्त उपयोगी पडते. बहुतेक समाचार पहिल्या आठवड्यात आटोपतात. एकटेपण त्यानंतर सुरू होते.

मराठवाड्यातल्या मंडळ्यांपुढे यासाठी ठोस कामे आहेत. कर्जात बुडालेल्या शेतकरी कुटुंबाला बँकेचे कागद समजावून देणारा एखादा तरुण प्रत्येक मंडळीत असावा. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर लावावा. नव्या पाळकांना प्रवचनाबरोबरच ऐकून घेण्याचे शिक्षण मिळावे. जातीच्या दाखल्याचा प्रश्न हा राजकारणाचा म्हणून बाजूला न ठेवता मंडळीच्या प्रार्थनेत घ्यावा आणि निवेदनातही.

आणखी एक काम लेखनाचे आहे. ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून निघाले. पुढे ‘निरोप’ आणि ‘सुवार्ता’ आले. या नियतकालिकांतून आणि सभांमधून साक्षी भरपूर आल्या आहेत. त्यांत सुटकेच्या साक्षी जास्त: आजार बरा झाला, नोकरी मिळाली, मूल झाले. प्रार्थना केली आणि तरीही माणूस गेला, नोकरी मिळाली नाही, पाऊस आला नाही, आणि तरीही श्रद्धा उरली किंवा उरली नाही, अशा नोंदी फार थोड्या आहेत. रमाबाईंनी तसे लिहिले, लक्ष्मीबाईंनी लिहिले. बेथेलच्या पहिल्या कुटुंबांनी पहिला कोरडा पावसाळा कसा काढला, किल्लारीच्या ख्रिस्ती घरांनी काय विचारले, जालना-परभणी भागातल्या मंडळ्यांनी २०२० मध्ये आपले मृत कसे पुरले, हे स्वतः पाहिलेली किंवा घरच्या मोठ्यांकडून ऐकलेली वयस्क माणसे अजून आहेत. त्यांच्याकडे जाऊन, आधी गप्प बसून आणि मग ऐकून, ते लिहून घेण्याचे काम या भागातल्या तरुण ख्रिस्ती लेखकांनी आता हाती घ्यायला हवे.